काळ्या पट्टीआडचा डोळा

मित्रांनो, मी बोईसरच्या एका कारखान्यातले, बाटल्यांना झाकणे लावणारे जुने यंत्र आहे. माझ्या छातीवर पितळी पाटी आहे आणि तिच्यावर पेटंटचा क्रमांक कोरला आहे. एके काळी मी ती मिरवत असे. आता कोणी ती वाचायला वाकले, की मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मला मारुतीराव इंजिनिअरांनी घडवले. त्याआधी त्यांनी टर्बाइनसाठी वाफ अडवणारे एक कडे शोधून काढले होते. पहिले पेटंट त्याचे, दुसरे माझे. माझ्यात नवे काय होते? एक डोळा! झाकण दाबताना मध्ये कुणाचा हात आला, की हा डोळा तो पाही आणि मी जागच्या जागी थांबे. सहा वर्षे मी सरबताच्या बाटल्या बंद केल्या, पण कुणाच्या नखालाही धक्का लावला नाही. लांबलांबचे लोक मला बघायला येत आणि मी शेफारून जाई.

गेल्या दसऱ्याला असेच पाहुणे यायचे होते. पूजा करून मला झेंडूचा जाड हार घातला. तो हलून डोळ्यापुढे यायचा आणि मी थांबायचे. तीनदा थांबले. दसऱ्याचा हार उतरवायचा नाही, अंगावरच सुकू द्यायचा, ही आमच्या कारखान्याची रीत. "पाहुण्यांसमोर नाक कापले जायला नको," असे पुटपुटत मारुतीरावांनी माझ्या डोळ्यावर काळी चिकटपट्टी लावली. पाहुणे गेले, पट्टी तशीच राहिली.

चौथ्या दिवशी मासवणहून माझ्यावर कामाला येणाऱ्या भावनाने कलंडलेली बाटली सरळ करायला हात घातला. रोजच घालायची. माझ्यावर तिचा विश्वास होता ना! मला तो हात दिसलाच नाही. तिची दोन बोटे गेली.

अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. खाली सही मारुतीरावांची. मला बंद करून ठेवले होते. तोंड लपवायलाही जागा नव्हती.

पंधरा दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत मारुतीराव एकटेच आले. वाळका हार बाजूला सारून ते पट्टीचे टोक नखाने उचकटू लागले. तेवढ्यात मागे भावना उभी. हाताला बँडेज.

"साहेब, चूक माजी हाय असा लिवलाय म्हनतात. पन ही मशीन तर हात वलखते ना? मंग थांबली कशी नाय?"

पट्टी काढून खिशात घातली असती, तर कुणाला काय कळणार होते? मारुतीरावांची मान खाली गेली. त्यांनी ते उचकटलेले टोक अंगठ्याने पुन्हा घट्ट बसवले.

"भावनाताई, ही पट्टी मी लावली. सगळ्यांना बोलवा. काढायच्या आधी त्यांना बघू दे."

भावनाने डाव्या हाताने माझ्या गळ्यातला हार उतरवला आणि लोकांना हाक मारायला गेली.

अहवाल बदलला. बोटे काही परत आली नाहीत. मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण आमचे डोळे झाकू नका. आणि झाकलेले दिसले, तर ओरडून सांगा. मला ते सांगता आले नाही.