कपाटातले सर

मानवशास्त्र विभागात एके काळी चार शिक्षक होते आणि शास्त्राच्या मुख्य शाखाही चारच, त्यामुळे कुणी कुणाच्या पानात हात घालायचा प्रश्न नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलांना विषयाची ओळख करून द्यायला चौघे एकाच दिवशी वर्गात जात आणि एकमेकांचं म्हणणं खोडून काढत. माणूस म्हणजे त्याचं शरीर, असं हाडांचे सर सांगत. तो दोन पायांवर कसा उभा राहिला, काय खाऊन जगला, कशाने वाकला, सगळं हाडात उमटलेलं असतं. मातीचे सर म्हणत, माणूस म्हणजे त्याने मागे टाकलेला कचरा. फुटकी भांडी आणि विझलेल्या चुली उकरा, मालक आपोआप सापडतो. बोलीच्या बाईंच्या मते माणूस म्हणजे त्याची भाषा. गप्प बसणाऱ्यांत त्यांना फारसा रस नव्हता. शेवटी नात्यांचे सर उठत आणि सांगत की हे सगळं ठीक आहे, पण माणूस म्हणजे कोण कुणाचा कोण. बाप कुणाला म्हणायचं, लग्न कुणाशी करायचं, मेल्यावर रडायचं कुणी, हे ठरवत बसणारा दुसरा प्राणी नाही. ही नावं अर्थातच मुलांनी ठेवलेली होती आणि आईबापांनी ठेवलेल्या नावांपेक्षा जास्त टिकली.

पुढे मातीचे सर वारले आणि आपल्या विषयात विलीन झाले. बोलीच्या बाई निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेल्या आणि तिथे त्यांना ऐकू येईनासं झालं. रिकाम्या जागा भरायचं वरच्यांनी काही मनावर घेतलं नाही. आता विभागात दोघेच उरले होते. नात्यांचे सर, जे विभागप्रमुख होते, कारण प्रमुख व्हायला दुसरं कुणी नव्हतं. आणि हाडांचे सर, जे प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात होते.

त्याची हकिगत अशी. विभागाचा जुना सांगाडा पिढ्यानपिढ्यांच्या हाताळणीने खिळखिळा झाला होता. सांगाडा नाही तर प्रात्यक्षिक नाही, आणि प्रात्यक्षिक नाही तर शाखा बंद, असा नियम होता. हाडांच्या सरांनी नव्या सांगाड्यासाठी बरेच खेटे घातले, मग कंटाळून आपला देहच लिहून दिला. "जागा भरत नाहीत ना हे लोक? मग मीच भरतो," असं ते म्हणाले आणि महिन्याभरात खरोखरच गेले. दवाखान्यातूनच त्यांना वैद्यकीय महाविद्यालयात नेलं. काही महिन्यांनी तिथून एक लांबट खोकं आलं. आत तारेने ओवलेला, स्वच्छ, पिवळसर सांगाडा होता. नात्यांच्या सरांनी तो स्वतः कपाटात टांगला, आणि हे कोण आहेत ते मुलांना सांगितलं नाही. ओळखीच्या माणसाच्या फासळ्या मोजायला कुणाचा हात धजत नाही.

नात्यांचे सर एकटे राहत. जगातल्या झाडून सगळ्या विवाहपद्धती शिकवणाऱ्या या माणसाला त्यांतली एकही लागू पडली नव्हती. त्यामुळे घरी जायची घाई नसे. संध्याकाळी मुलं पांगली की ते थर्मास घेऊन प्रयोगशाळेत येत, स्टूल ओढून कपाटासमोर बसत आणि जुना वाद पुढे चालवत. वाद तीस वर्षांचा होता. हाडांचे सर म्हणायचे, "सोयऱ्या, माणसं खोटं बोलतात, हाड बोलत नाही." त्यावर यांचं उत्तर ठरलेलं असे, की हाडक्या, नातं हाडात नसतं, मानण्यात असतं; ज्याला आपला मानला तो आपला. गेली दोन वर्षं हा वाद रोज नात्यांचे सरच जिंकत होते. त्यामुळे त्यातली चव पार गेली होती, पण सवय काही सुटत नव्हती. वाद संपला की ते इतर गोष्टी बोलत. छातीत मधूनच काहीतरी धरतं, डॉक्टरकडे जायची भीती वाटते, असलं काहीबाही. हाडक्या हसला असता, म्हणून तो जिवंत असताना त्याला हे कधी सांगितलं नव्हतं.

आणि एका दुपारी वहिनी आल्या, म्हणजे हाडांच्या सरांच्या पत्नी. घर आवरून त्या कायमच्या लेकीकडे चालल्या होत्या. त्यांनी फार आडवळणं घेतली नाहीत. सरांना निरोप असा द्यायलाच मिळाला नाही, त्या सांगत होत्या. दवाखान्याच्या दारातून गाडी गेली ती गेली. लोक विचारतात, कुठे ठेवलंत? काय सांगायचं, कपाटात? त्यांना सरांची हाडं परत हवी होती. लेकीच्या गावी व्यवस्थित, माणसासारखा निरोप द्यायचा होता.

"चाळीस वर्षं तुमच्या विभागाला दिली त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "आता उरलेले मला द्या, भाऊजी."

नात्यांच्या सरांनी जन्मभर शिकवलं होतं की मेलेला माणूस त्याच्या माणसांचा असतो. आता नाही म्हणायला तोंडच नव्हतं. सांगाडा गेला की हाडांची शाखा बंद होणार, हेही त्यांना ठाऊक होतं. हाडक्याने ज्यासाठी स्वतःला टांगून घेतलं, तेच मातीत जाणार. तरी ते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी या, म्हणाले, बांधून ठेवतो; आज संध्याकाळच्या गप्पा तेवढ्या होऊ द्या, दोन वर्षं रोज होतात.

सकाळी त्यांनी कपाट उघडलं आणि पहिल्यांदा डावा हात सोडवला. त्याला कारण होतं. तरुणपणी एका उत्खननावर हाडांचे सर बोलता बोलता मातीच्या सरांनी खणलेल्या चरात पडले होते आणि डावा हात कोपराखाली मोडला होता. हाड वाकडं जुळलं आणि त्यावर गाठ आली. ती गाठ म्हणजे सरांचा दागिना. वर्गात बाही वर करून ते प्रत्येक पोराला ती चाचपायला लावत. नात्यांच्या सरांना हाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती गाठ माहीत होती, आणि जाता जाता एकदा तिच्यावरून हात फिरवावा असं त्यांना वाटलं.

गाठ नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, कोपराखालची दोन्ही हाडं खिडकीशी नेऊन उलटसुलट करून पाहिली. आपलंच डावं-उजवं चुकलं असेल म्हणून दुसरा हातही सोडवला. दोन्ही हात सरळसोट, गुळगुळीत होते. असा हात कुणाच्या चरात कधी पडला नव्हता.

त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाला फोन लावला. तिकडच्या गृहस्थाने अदबीने सांगितलं की त्या वर्षी पुष्कळ सांगाडे तयार झाले आणि सगळे जिकडचे तिकडे पोचते केले. काही तक्रार आहे का, हाडं कमी भरली का, असंही विचारलं. हाडं पुरेपूर आहेत, नात्यांचे सर म्हणाले, फक्त माणूस दुसरा आहे. मग लेखी कळवा, असं उत्तर आलं.

वहिनी यायला अजून तासभर होता. या तासात नात्यांच्या सरांच्या मनात जे आलं ते कुणाच्याही मनात आलं असतं. फरक इतकाच, की त्यांच्यापाशी त्याचं शास्त्र होतं. काही बोलायचं नाही. हाडं बांधून द्यायची. वहिनी त्यांना आपली मानतील, निरोप देतील, रडतील, मोकळ्या होतील. मानलं की झालं. तीस वर्षांचा वाद एकदाचा निकालात निघेल, आणि तोही प्रात्यक्षिकासह. त्यांनी कापड काढलं आणि दोन्ही हात त्यात गुंडाळले.

वहिनी मोठी प्रवासी बॅग घेऊन आल्या. ती टेबलावर ठेवून त्यांनी चेन उघडली. आत तळाशी हाडांच्या सरांचा तपकिरी स्वेटर पसरलेला होता, धुऊन, बाह्या नीट घडी घालून.

"नुसतीच कशी ठेवायची," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "आदळतील."

दुसऱ्या कुणाला हाडक्याच्या स्वेटरात घालणं नात्यांच्या सरांना जमलं नाही. त्यांनी सांगून टाकलं. गाठीचं सांगितलं, फोनचं सांगितलं. पुराव्यादाखल तो हात कापडातून काढून पुढे केला. वहिनींनी तो घेतला नाही, पण बघितला. गाठ नाही हे त्यांना एका नजरेत कळलं. त्या मुलांच्या स्टुलावर बसल्या. मग कपाटाकडे आणि त्याच्यासमोरच्या थर्मासकडे त्यांची नजर गेली.

"मग दोन वर्षं तुम्ही रोज कुणाशी बोलत होतात, भाऊजी?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. नात्यांच्या सरांनी थर्मास उचलून कपाटामागे ठेवला.

सर कुठे असतील, असं वहिनींनी विचारलं. कुठल्यातरी कपाटात असतील, ते म्हणाले, एखाद्या वर्गात; शोधतो मी, पत्रं लिहितो, गाठीची खूण आहेच. वहिनींनी मान हलवली. अशी पत्रं कुठे जातात ते प्राध्यापकाच्या बायकोला सांगावं लागत नाही. त्यांनी चेन लावली. आत स्वेटर एकटाच होता. जिन्यापर्यंत नात्यांच्या सरांनी बॅग धरली, पण ती इतकी हलकी होती की धरण्यात काही अर्थ नव्हता. दुसऱ्या पायरीवर वहिनींनी ती त्यांच्या हातातून घेतली.

"त्या कपाटातल्यांचंही कुणी असेल ना हो?" त्यांनी वर प्रयोगशाळेच्या दाराकडे बघत विचारलं.

"असेलच," सर म्हणाले.

नियमाप्रमाणे सांगाडा होता, म्हणजे शाखा वाचली होती. ही आनंदाची बातमी सांगायला विभागात कुणी नव्हतं. संध्याकाळी नात्यांच्या सरांनी दोन्ही हात पुन्हा तारेत ओवायचा प्रयत्न केला. डावा कोपर उलटा बसला. तो सुधारायला ज्याला हाक मारायची तो कुठे आहे, ते माहीत नव्हतं. मग त्यांनी स्टूल ओढलं, चहा ओतला आणि नेहमीप्रमाणे तोंड उघडलं.

अरे-तुरे करवेना. दोन वर्षं ज्याला हाडक्या म्हणून शिव्या घातल्या, ज्याला छातीतलं दुखणं सांगितलं, त्या गृहस्थाची साधी ओळखही नव्हती. माणसाने माणसाची ओळख कशी करून घ्यावी, यावर सर दर वर्षी पहिल्या दिवशी तासभर बोलत. आज त्यांनी घसा दोनदा खाकरला.

"माफ करा," ते म्हणाले. "आपण कुठले?"

चहा निवेपर्यंत ते तिथेच बसून होते.