हिमांशूची गाडी

आमच्या घरात चांगली वस्तू आली की ती हिमांशूनं घेतली असणार, असं धरून चालायची पद्धत आहे. टीव्ही हिमांशूचा, आईचा मोबाईल हिमांशूचा, बैठकीतला कूलर हिमांशूचा. आणि ते खरंही आहे. माझा धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत आहे, दिवाळीला येतो, येताना खोकं घेऊन येतो. विहिरीवरची मोटर मी बसवली, गोठ्यावर टिनं मी टाकली, बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन गोंदियाला नेऊन मी करवलं. पण घरी पाहुणा आला तर त्याला विहिरीवरची मोटर कोणी दाखवत नाही. मंजू, माझी बायको, म्हणते की मी हिमांशूवर जळतो. जळतो. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

तर यंदा धान चांगलं झालं आणि मी ठरवलं, गाडी बदलायची. माझी गाडी शंभर सीसीची. तिच्यावर युरियाची पोती गेली, धान रोवणाऱ्या बायकांचे डबे गेले, आईला दवाखान्यात नेलं, बाबांना लग्नाकार्यांना फिरवलं. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण मला मोठी गाडी पाहिजे होती. कामासाठी पाहिजे, चढावर दम लागत नाही, रस्ते खराब आहेत, असं मी मंजूला सांगितलं, ते निमित्त. मला ती माझ्यासाठी पाहिजे होती. आणि आणखी एक गोष्ट पाहिजे होती, ती मंजूलाही सांगितली नव्हती. माझ्या कमाईच्या एखाद्या वस्तूकडे बघून बाबांनी एकदा तरी 'चांगली हाये' म्हणावं.

अर्जुनीच्या शोरूममध्ये गुड्डू नावाचा पोरगा आहे, गोड बोलणारा. त्यानं काळी, उंच टाकीची गाडी बाहेर काढली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"भैया, पाच मिनटाच्या चकरीत गाडी समजत नाही. घरी नेऊन पाहा. भाभीले मागं बसवून पाहा. तुमची गाडी इथंच राहू द्या, सांजपर्यंत वापस आना. पसंद आली तर जुनी आम्ही एक्सचेंजमध्ये घेतो."

मी निघालो. पहिले दोन किलोमीटर नुसती भीती. गाडी उभी असताना जड लागत होती, वळणावर वाटे की आपल्याआधी तीच ठरवेल कुठं जायचं ते. मग हात बसला. कालव्याजवळच्या चढावर माझी जुनी गाडी दुसऱ्या गिअरवर येऊन कण्हते. ही तिसऱ्यावरच सरळ वर गेली. धानाच्या मिलमधला कोंडा उडवत एक ट्रक पुढं होता. एरवी मी त्याच्या मागं डोळे बारीक करून जातो. त्या दिवशी नुसता हँडलचा कान पिळला आणि ट्रक मागं राहिला. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची शेतं होती, हवा गार होती, आणि मी बेचाळीस वर्षांचा माणूस हेल्मेटच्या आत एकटाच हसत होतो. गाव यायच्या आधीच माझं ठरलं. घ्यायची.

अंगणात गाडी लावतो न लावतो, तर आई ओसरीवर आली. तिनं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आत वळली. मला कळलं ती कशाला गेली. आमच्या गावात नवी गाडी आली की आधी दारात पूजा, मग तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, देवीपुढं नारळ. मग ती गाडी घरची झाली. पुजलेली गाडी कोणी परत करत नाही. मी आईला थांबवायला तोंड उघडलं. "आई, अजून घेतली नाही, चालवून पाहाले आनली," एवढंच म्हणायचं होतं.

तेवढ्यात बाबा बाहेर आले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवर हात ठेवला, सीट दाबून पाहिली.

"चांगली हाये गा," बाबा म्हणाले.

मग आईला थांबवायचं मी सोडून दिलं. मुद्दाम सोडलं म्हणा. आईनं ताट आणलं, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हँडलला झेंडूचा हार घातला, गाडीला ओवाळलं, मलाही ओवाळलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. मनात म्हटलं, घ्यायची तर आहेच, मग आज काय न् उद्या काय! मंजू दारात उभी राहून माझ्याकडे डोळे वटारत होती, कारण मी फक्त बघायला गेलो होतो हे तिला माहीत होतं. पण तीही हसत होती.

मग बाबा म्हणाले, "हिमांशूनं पाठवली ना? बोलला नाही पोरगा. अचानक द्याची असंल."

मला वाटलं, ते थट्टा करताहेत. पण आमचे बाबा थट्टा करत नाहीत.

"बाबा, हिमांशूनं नाही. मी..."

"आता तू काय सांगतं गा? तुयी ऐपत मले माहीत नाही का?" ते हसले. रागानं नाही, अगदी मायेनं हसले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. आईचा मोबाईल घेऊन त्यांनी फोन लावलाही. त्यांना स्पीकरशिवाय बोलता येत नाही, त्यामुळे सगळ्या अंगणानं ऐकलं.

"हिमांशू, गाडी आली बाबू. लय चांगली हाये. तुया मायनं पूजाबी केली."

मी वाट बघत होतो. 'कोणती गाडी?' एवढंच त्यानं विचारायचं होतं.

"हो का? वा!" हिमांशू म्हणाला. "मी दादाला कधीचा म्हणत होतो, मोठी घे, मोठी घे. मीच त्याला ते मॉडेल पाठवलं होतं. मस्त आहे ना बाबा? बरं, मी मीटिंगमध्ये आहे, रात्री बोलतो."

खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. एक व्हिडिओ त्यानं खरंच पाठवला होता. पण बापाच्या आवाजातला तो आनंद आपल्यासाठी नाही, हे त्याला कळलं नसेल? आम्ही दोघं एका ताटात जेवलेले भाऊ आहोत. त्याला कळलं, आणि त्यानं तो ठेवून घेतला.

"चाल, पाळीवर चाल," बाबा म्हणाले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन मागं बसले. मी त्यांना नेलं. का नेलं, ते मला आजही धड सांगता येत नाही. अंगणात आई होती, कुंकवाचा हात होता, अशा वेळी माणूस तमाशा करत नाही म्हणून असेल.

आमचा तलाव मोठा आहे आणि आम्हा कोहळी जातीच्या लोकांना, तलाव बांधणाऱ्यांच्या वंशजांना, त्याचा अभिमान आहे. कोणी बांधला विचारलं, तर बाबा सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचं नाव सांगतात. टोपल्यांनी माती कोणी वाहिली, ते नाव मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. पाळीवर बिसराम भेटला. तो बाबांच्या वयाचा, शेजारच्या आळीत राहणारा.

"काय केवळराम, नवी गाडी?" त्यानं मला विचारलं.

"लहान्यानं देल्ली," बाबा मागून म्हणाले. माझ्या खांद्यावर थोपटल्यासारखं करून पुढं म्हणाले, "हा चालवते."

हा चालवते! नारळ त्यांनीच फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "सांभाळून चालवजो. लोकाची वस्तू हाये असं समजून चालवजो." मी तो तुकडा चावला आणि खाल्ला, दुसरं काय करणार?

घरी आल्यावर मंजूनं मला मागच्या अंगणात गाठलं.

"काऊन नाही सांगितलं?"

"सांगत होतो ना. कोणी ऐकलं? आन् त्यानं हो म्हनलं. सगळ्यायच्या समोर हो म्हनलं."

"मंग म्हनू द्या. तुम्हाले पसंद हाये ना? घेऊन टाका. पेट्रोल आपन टाकू, आपन फिरू. गाडी कोनाची हाये ते गाडीले थोडी माहीत राहते?"

"घेतली तर मरेपर्यंत हिमांशूची गाडी म्हनतील. हप्ता मी भरीन आन् नाव त्याचं. मी नाही घेत."

"मले एक चक्कर तरी मारून आना मंग," मंजू म्हणाली. तिनं सकाळपासून नवं लुगडं नेसलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पण माझं डोकं फिरलं होतं. मी नाही म्हटलं आणि किल्ली घेतली.

कालव्यावर थांबून मी हार काढून पाण्यात सोडला आणि रुमाल ओला करून स्वस्तिक पुसलं. कुंकू सहज जात नाही. टाकीच्या सांध्यात लाल रेघ राहिलीच. शोरूममध्ये गुड्डूच्या नजरेनं ती बरोबर टिपली.

"भैया, पूजा झाली ना? आता कायले विचार करून राहिले? पुजलेली गाडी कोनी वापस करते का?"

"मी करून राहिलो," मी म्हणालो. तो आणखी काही बोलला, मी ऐकलं नाही. माझी जुनी गाडी काढली आणि निघालो. चढावर ती नेहमीसारखी कण्हली. मी तिला शिव्या दिल्या, मग स्वतःला दिल्या.

घरी पोचलो तर बाबा ओसरीवर बसले होते. बिसराम होता, आणखी दोघं होते. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, गाडी दाखवायला.

"गाडी कुठं हाये?" बाबांनी विचारलं.

रस्ताभर मी खरं सांगायचं ठरवत आलो होतो. पण ती चार तोंडं बघितली आणि माझ्या जिभेवर दुसरंच आलं.

"वापस गेली," मी म्हणालो. "हिमांशूचं जमलं नाही. पैसे भरले नाही त्यानं."

खोटं बोलून एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. बिसरामनं खाली चपलेकडे बघितलं. आई दाराशी होती, तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता एकदा तरी बाबा त्याच्यावर चिडतील. मी त्याची वाट बघत उभा राहिलो. पाहुण्यांसमोर हिमांशूची फजिती झाली आणि मला ती पाहिजेच होती.

बाबा माझ्याकडे वळले.

"त्याचं काऊन जमनार नाही?" ते म्हणाले. "तुले झेपली नाही म्हून सांग ना. एवढी जड गाडी, तुले झेपली नाही, म्हून तू वापस करून आला. भावाचं नाव कायले खराब करून राहिला?"

"बाबा, त्यानं घेतलीच नव्हती. मी घेनार होतो. माया पैशानं."

"हे पाहा, आता दुसरं काढलं," बाबा बिसरामला म्हणाले. बिसराम मान हलवून उठला. बाकीचे दोघंही उठले.

मग बाबा आईकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हिमांशूचा फोन येईन तर त्याले सांगजो नको, गाडी वापस केली म्हून. एवढ्या हौशेनं पाठवली पोरानं. त्याले वाईट वाटंल."

आईनं मान डोलावली. मी तिथंच उभा होतो, दोघांच्या मध्ये, हातात जुन्या गाडीची किल्ली घेऊन. मला काही वाटत असेल, हे त्या ओसरीवर कोणाच्या मनात आलं नाही. आतून मंजूनं हाक मारली, जेवण वाढलं होतं.