धुपाच्या वाटीतलं चिलट

आमच्या पालमच्या दुकानात राळेचं पोतं फुटलं की पहिलं काम एकच, किडा असलेले खडे येगळे काढायचे. गिऱ्हाईक लय चोखंदळ झालंय. घरात झुरळं नाचतील, पण राळेत मेलेली मुंगी दिसली की लगेच, "चन्नबसप्पा, हे काय द्यायलाव?" माझं तोंड फाटकं. मी म्हणतो, "झाडाचा चीक हाय, मुंगी चिकटणारच! कारखान्यातली पायजे तर दुसरीकडं जावा." पण माल तर खपायला पायजे. म्हणून तसले खडे घरी येत्यात आणि आमच्या महेशीची माय ते देवापुढं जाळती. ती म्हणती, देव असली खोट काढत न्हाई.

महेशी म्हंजे महेश्वरी, आमची एकुलती एक लेक. ती त्या धुपाच्या वाटीपायीच बिघडली. शाळेत असताना वाटीतले खडे पळवायची आणि उन्हात धरून बघत बसायची. "अप्पा, हिचे पाय मोजा की." मी खेकसायचो, पाढे म्हण आधी! आता परभणीला राहून तेच करायलीय, आणि त्याला पीएच.डी. म्हणत्यात.

गुजरातेत कोळशाच्या खाणीत अंबराचे खडे निघत्यात. तीबी राळच, आपल्या राळेच्या झाडाच्या खानदानातली. पण पाच कोटी वर्षं जमिनीत दबून पार दगड झालेली. आत किडे जसेच्या तसे. कोणता किडा कोणत्या घराण्यातला, हे लावायचं आमच्या पोरीचं काम. मिशीचे मणी मोजायचे, पंखावरची शीर कुठं फुटती ते बघायचं, आणि आजवर नोंदलेल्या किड्यांशी ताडायचं. सोयरीक जुळवताना आमी घराणं विचारतो, तसंच.

तिच्याकडच्या एका खड्यात एक चिलट होतं, मोहरीएवढंबी न्हाई. पोरगी कितीक महिने ताडत बसली, ते कुठंच बसेना. शेवटी कळलं, हे नवंच हाय, ह्याला अजून नावच न्हाई. नाव द्यायचा मान आमच्या महेशीचा.

बसव जयंतीला ती घरी आली तवा खडा संगंच होता. इथनं ती थेट संग्रहालयात जायची होती, कारण खरा खडा जमा झाल्याबिगर नाव कायम होत न्हाई, नुसते फोटो चालत न्हाईत. दुकानात येऊन माझ्या कानाशी लागली, "अप्पा, चिलटाला अव्वाचं नाव द्यायलीय. महानंदा. पण सांगू नका, छापून आल्यावर दाखवू."

माझ्या पोटात काय राहत न्हाई, हे अख्ख्या पालमला ठाऊक. तरी मी दात आवळून धरले. आनंदानं नुसता फुगलो होतो. जिचं नाव रेशन कार्डाबाहेर कुठं छापलं न्हाई, जिला मी लग्नापासनं नुसतं "अगं" म्हणत आलो, तिचं नाव जगाच्या पुस्तकात जाणार!

त्या सोमवारी पोरीनं खडा पाण्यानं धुतला आणि वाळायला वाटीत घालून खिडकीत ठेवला. वाटी कोणती, तर हाताला लागली ती, धुपाची. तेवढ्यात शेजारच्या मालनबाईनं हाक मारली, म्हणून ती तिकडं गेली.

सांजच्याला मी घरी आलो तर घर धुरानं भरलेलं. वास राळेचाच, पण जरा येगळा. बायको नुकतीच पूजेवरनं उठली होती. म्हणाली, "अवं, आजची राळ लय गुणाची निघाली. एकाच खड्यानं घर भरलं."

"कुठली राळ?"

"वाटीतली. किडा होता की तिच्यात, बघूनच टाकली."

बघूनच टाकली! किडा दिसला म्हणूनच तिची खात्री पटली. ह्या घरात किड्याचा खडा देवाचाच, हे मीच तर लावून दिलेलं. पण ते मला नंतर सुचलं. तवा माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "अगं, डोकं हाय का खोकं? पोरीचं वर्ष जाळलंस तू!" तिनं आरतीचं ताट खाली ठेवलं आणि वाटीत डोकावून बघितलं.

महेशी दारात कवा येऊन उभी राहिली, कळलंच न्हाई. ती खाली बसली, निखाऱ्यावरचा काळा डाग काडीनं हलवून बघितला. मग म्हणाली, "बस करा अप्पा. धुपाच्या वाटीत मीच ठेवला, चूक माझी." तिनं परभणीच्या तिच्या मॅडमला फोन लावला. लय वेळ नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" चाललं होतं. खडा न्हाई तर नाव न्हाई. एक अनामिक चिलट, एवढंच आता छापायचं. दुसरं तसलं कुणाला कधी सापडलं तर सापडलं. मला रडू फुटलं. मागच्या अंगणात जाऊन तोंड धुतलं.

सकाळी उठून बघतो तर बायको दुकानात. राळेचं पोतं उपसून तिनं ताट भरलं होतं, दर खड्यात किडा. ते ताट तिनं घरी आणून महेशीपुढं ठेवलं. "ह्यातलं कोणतंबी घे माय. पंखाचेबी हाईत बघ."

मला वाटलं पोरगी आता भडकणार, माझीच लेक ती. पण तिनं सूक्ष्मदर्शक काढला आणि एकेक खडा खाली धरून बघायला लागली. "ही मुंगी, अव्वा. हिला नाव हाय. ही वाळवी, हिलाबी हाय." ताट संपेस्तोवर तिनं बघितलं. एकबी खडा तिनं न बघता ठेवला न्हाई.

बायको मान खाली घालून म्हणाली, "मी जाळलं त्याला काय नाव ठेवणार होतीस गं?"

महेशीनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "अजून ठरलं नव्हतं, अव्वा."

"बरं झालं बाई," बायकोनं सुस्कारा सोडला. "नाव ठेवून बसली असतीस तर जीव लय तुटला असता."

नाव माझ्या जिभेवर आलं होतं. आता सांगून काय उपयोग, उगं तिला जन्माचा घोर. पण गिळवेना, आणि गप बसणं तर मला कधी जमलंच न्हाई.

"महानंदा," मी म्हणलो, "च्या टाक."

ती चमकून माझ्याकडं बघायला लागली. महेशीनं तोंड फिरवलं आणि रिकामी वाटी पदराला पुसत बसली.