हरणीचं दुपारचं जेवण

लहानूतात्यांनी गायीसाठी वर्षभराचा चारा पसंत केला तो रंग बघून. साडी घेतात तसा.

ट्रॅक्टरची ट्रॉली अंगणात शिरली तेव्हा सिंधुबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. ट्रॉलीवर सोन्यासारखा पिवळाधमक भाताचा पेंढा होता. एकेक पेंढी एका मापाची, काडीला काडी लागलेली. वर तात्या स्वतः बसले होते.

"दुसरा एक जण हिरवट, मळकट, फुलांचे तुरे लोंबणारं गवत दाखवत होता," ते उतरता उतरता म्हणाले. "मी म्हटलं, आम्ही शेतकरी आहोत, आम्हाला फसवू नका. हे बघ, कसं टापटीप गवत आहे!"

सिंधुबाईंनी बघितलं. मग त्या परत तांदूळ निवडायला लागल्या.

तात्या एकतीस वर्षं नाशिक रोडला एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होते. "आम्ही मूळचे शेतकरी," असं ते तिथं येईल त्याला सांगत. मूळचे म्हणजे वयाच्या सातव्या वर्षापर्यंतचे. त्यानंतर मामांनी त्यांना शाळेसाठी शहरात नेलं. सात वर्षांत माणूस शेतीतलं जे शिकतो ते सगळं त्यांना येत होतं: चिंचा कुठं पडतात, आणि विहिरीजवळ गेलं की कोण मारतं.

सिंधुबाई मात्र शेतातच वाढलेल्या. नवऱ्याला शेतीतलं काही कळत नाही हे त्यांना लग्नानंतर चौथ्या महिन्यात समजलं होतं. माहेरी सगळ्या भावांसमोर तात्यांनी उभ्या मक्याला "ज्वारी झकास आलीय" म्हटलं, आणि सिंधुबाईंनी ते सरळ सुधारलं. पुढची चार वर्षं तात्यांनी सासुरवाडीच्या दिशेची एसटी पकडली नाही. तेव्हापासून सिंधुबाई काही सुधारायच्या भानगडीत पडत नसत.

आता तर अजिबातच पडायचं नव्हतं. अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात तात्या निवृत्त झाले आणि दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या घराला कुलूप लावून त्र्यंबक रस्त्यापासून आत असलेल्या गावी आली, ती एका अटीवर. "सहा महिने बघू," तात्या म्हणाले होते. "गाय लागू पडली तर राहू, नाही तर परत." औषधाबद्दल बोलावं तसं ते गायीबद्दल बोलले होते. सिंधुबाईंनी एकतीस वर्षं गॅलरीतल्या चार कुंड्यांत शेती केली होती. त्यांना परत जायचं नव्हतं.

नवी घेतलेली गाय हरणी पेंढा खायची, पण सरकारी कार्यक्रमातलं भाषण ऐकावं तशी. पंधरा दिवसांत आठ लिटरचं दूध पाच लिटरवर आलं.

"आवक तर भरपूर आहे," तात्या चिंतेनं म्हणाले. "जावकच कमी पडतेय. गाव हिला मानवलेलं दिसत नाही. कुलपाची किल्ली कुठं ठेवलीस गं?"

किल्लीचं नाव निघालं आणि सिंधुबाई उठल्या. सरळ शेजारच्या भागीबाईकडे गेल्या.

भागीबाईच्या पडवीत डोंगरावरचं गवत छपरापर्यंत रचलेलं होतं. पवन्या, मारवेल, सगळं कार्तिकात फुलोऱ्यावर असताना कापून वाळवलेलं. नाक जवळ नेलं तर खावंसं वाटावं असं. भागीबाईला गोठा शाकारायला आणि गुरांखाली अंथरायला पेंढा हवा होता. एका भाऱ्याला तीन भारे असं ठरलं.

"पण तात्यांना सांग ना एकदाचं," भागीबाई म्हणाली. "माणूस हाय, वाघ नाय."

"वाघ असता तर सांगितलं असतं. वाघ रुसत नाही."

तेव्हापासून रोज दुपारी, तात्या जेवून ओसरीवरच्या खाटेवर तोंडावर पेपर टाकून झोपले की, सिंधुबाई परड्यातून पेंढ्याचे तीन भारे पलीकडे टाकत आणि गवताचा एक भारा अलीकडे घेत. मग हरणीसमोर बसून तिला खाऊ घालत आणि तिच्याशी बोलत. नवऱ्याशी त्या नाशिक रोडचं मराठी बोलत, गायीशी माहेरचं.

दूध दहा लिटरवर गेलं. पेंढ्याची गंजीही रोज खचत होती, त्यामुळे तात्या खूश दिसत होते. आणि मग फाल्गुनात एका सकाळी दूध डेअरीचा सेक्रेटरी गोरक्ष अंगणात उभा राहिला. त्यानं गंजीकडे बघितलं, हरणीकडे बघितलं.

"तात्या, याच्यावर दहा लिटर?"

"याच्यावर," तात्या म्हणाले.

"लय झालं! काकू, ऐकता ना? येत्या रविवारी मारुतीच्या देवळात दूधवाल्यांचा मेळावा हाय. तात्यांनी बोलायचंच. सगळं गाव हाच चारा घालील."

आत सिंधुबाईंच्या हातातली तपेली खाली पडली. रविवारी तात्या पेंढ्याला गवत म्हणणार. गाव हसलं, तर सोमवारी किल्ली. आणि गावानं ऐकलं, तर गावातल्या सगळ्या गायी आटणार आणि मंगळवारी किल्ली.

शनिवारी त्यांनी धीर केला. तात्या फुलस्केप कागदावर भाषण लिहीत होते. सिंधुबाईंनी त्यांच्यासमोर एक मूठ पेंढा आणि एक मूठ गवत ठेवलं.

"अहो, यांत काय फरक दिसतो?"

तात्यांनी चष्मा वर केला आणि नीट निरखलं. "हे डाव्या हाताला आहे. हे उजव्या."

सिंधुबाई दोन्ही मुठी उचलून आत गेल्या आणि किल्ली तांदळाच्या डब्यात तळाशी पुरली.

रविवारी देवळाच्या सभामंडपात शंभरेक माणूस जमलं. गोरक्षनं तात्यांच्या सांगण्यावरून टेबलावर दोन्ही चाऱ्यांची एकेक पेंढी मांडून ठेवली होती. त्या बघून सिंधुबाईंनी भागीबाईचा हात घट्ट धरला.

तात्यांनी पेंढा उचलला.

"अध्यक्ष महाशय," तात्यांनी कचेरीतलं परिपत्रक वाचावं अशा आवाजात सुरुवात केली. "मुद्दा क्रमांक एक. 'हा पेंढा हाय, बाई. याच्यातले दाणे माणसांनी झोडून नेले, आता नुसती काडी ऱ्हायली. यानं पोट भरतं, अंगी लागत नाय.' मुद्दा क्रमांक दोन." त्यांनी गवत उचललं. "'हे गवत. फुलावर होतं तवा कापलं, समदा रस आत हाय. वास घे. खा.'"

सिंधुबाईंच्या हातातला भागीबाईचा हात पांढरा पडला.

"मुद्दा क्रमांक तीन. 'पेंढा खाली अंथरायचा, पावसाळ्यात गवतात मिसळून घालायचा. नुसता घालून दूध मागायचं नाय.' मुद्दा क्रमांक चार." तात्यांनी घसा साफ केला. "'तुझा मालक मनाचा चांगला हाय, पण चाऱ्यातलं त्याला टाचणीएवढं कळत नाय. तू मनाला लावून घेऊ नको.'"

बायकांच्या बाजूनं हशाचा असा लोट आला की देवळाची घंटा हलल्यासारखी वाटली. भागीबाई तर खांबाला धरून हसत होती. तात्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. ते हसणं थांबेपर्यंत थांबले, मग पाचवा आणि सहावा मुद्दाही वाचला. पाचव्यात मका होता.

"सातवा मुद्दा घरगुती आहे," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी केली. "वरील सर्व माहिती आमच्या हिनं हरणीला वेळोवेळी दिलेली आहे. मी फक्त जावक केली."

टाळ्या पुष्कळ वाजल्या. गोरक्षनं नारळ सिंधुबाईंना दिला.

नारळ घेऊन दोघं घराकडे निघाली. मग सिंधुबाई म्हणाल्या, "झोपत नव्हतात होय दुपारी?"

"पेपराला भोक पाडलं होतं. बातम्यांच्या जागी, जाहिरातींच्या नाही."

"किती दिवस?"

"दोन महिने. कचेरीत इतकी जागरूक दुपार एकही गेली नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर तू बोलायची थांबली असतीस." तात्या खाली बघत चालत होते. "एकतीस वर्षांत माझ्याशी इतकं कधी बोललीस? मला हरणीचा हेवा वाटत होता."

सिंधुबाईंनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "आणि सातवा मुद्दा?"

तात्यांनी खिशातून कागद काढून दिला. सातवी पास सिंधुबाईंनी तो रस्त्यातच उभ्या राहून वाचला. 'दूध आटवू नको गं बाई. मला त्या तिसऱ्या मजल्यावर परत नाय जायचं. तिथं सकाळी पायाखाली माती नसते.' खाली तात्यांच्या वळणदार अक्षरात शेरा होता: मंजूर. त्याखाली सही, आणि तारीख. तारीख दीड महिन्यापूर्वीची होती.

सिंधुबाईंनी ती दोनदा वाचली.

"दीड महिना!" त्या म्हणाल्या. "दीड महिना तुम्ही मला भर उन्हात रोज चार-चार भारे वाहायला लावले?"

"अगं, मंजुरी झाली होती," तात्या म्हणाले. "कळवायची राहिली होती."