ताई कुठल्या विमानाने आली?

बाबा बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. धाकटीने सकाळी दवाखान्यातूनच ताईला फोन लावला. ताई लग्न करून समुद्रापार गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. हुंदके देत ती म्हणाली, "मिळेल त्या विमानाने निघते. बाबांना सांग."

आणि त्याच दिवशी, दिवेलागणीला, ती वॉर्डाच्या दारात उभी!

"लेक धावत आली बघा माझी," बाबा नर्सला कौतुकाने सांगू लागले. धाकटीने ताईला मिठी मारली खरी, पण तिच्या मनात पाल चुकचुकली. कोपऱ्यात जाऊन तिने मोबाइलवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. अंतर साडेअकरा हजार किलोमीटर. कुठेही न थांबता यायचं म्हटलं तरी तेरा तास. फोन करून तर दहासुद्धा झाले नव्हते.

"कुठलं विमान मिळालं गं?"

"थेट मिळालं. नशीब म्हणायचं," ताई मान वर न करता सफरचंदं काढत म्हणाली.

"दाजी नाही आले?"

"रजा नाही त्यांना."

धाकटीने तिच्या पायांकडे पाहिलं. दरवेळी विमानातून उतरली की ताईचे पाय टम्म सुजलेले असायचे, बूट हातात घेऊन चालायची. आज बूट कसे छान बसले होते. सामान म्हणजे खांद्याला एक कापडी पिशवी. ही आधीच येऊन बसली होती की काय? कशासाठी? बाबांच्या घरावर डोळा ठेवून? असला विचार आला म्हणून धाकटीला स्वतःचीच लाज वाटली; पण तो काही जाईना.

जिन्यात जाऊन तिने दाजींना फोन केला.

"ती इथून जाऊन आठ महिने झाले," दाजी कोरडेपणाने म्हणाले. "तुम्हाला सांगितलं नाही तिने?"

धाकटीने ताईला जिन्यात बोलावलं. "कुठे राहतेस?"

ताईचा चेहरा पडला. "नदीपलीकडच्या शहरात. बेकरीत काम करते. बसने दोन तास."

"आणि दर रविवारी फोनवर सांगायचीस, इथे बर्फ पडतोय म्हणून!"

"मोबाइलवर तिथलं हवामान बघायचे."

"अगं, पण का?"

"बाबांनी गल्लीभर सांगितलंय, पोरगी सुखात आहे म्हणून. कुठल्या तोंडाने येणार होते?"

"मी इथे एकटी बाबांचं सगळं करते, वर शिवणकाम. लांब आहे बिचारी, म्हणून तुला एका शब्दाने कधी बोलले नाही. आणि तू दोन तासांवर?" धाकटीचा आवाज फाटला. ताई रडायला लागली. धाकटीने तिला जवळ घेतलं नाही.

दोघी परत आल्या तेव्हा बाबा जागे होते. "विमानात फार अवघडलीस का गं?"

ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिली.

"विमानाने नाही आले, बाबा." ताई पलंगाजवळ बसली. "तिकडचं घर सोडलं मी. इथेच जवळ असते. बसने आले."

बाबांनी तिचा हात हातात घेतला. मग म्हणाले, "बसायला जागा तरी मिळाली का?"

ताईने त्यांच्या हातावर कपाळ टेकवलं.

धाकटीने आपली पर्स उचलली. राग अजून गेला नव्हता. "आज रात्री तू थांब," ती ताईला म्हणाली. "उद्याही तूच."