मुक्या दगडापुढे पोट टेकू नये

मित्रांनो, मी एक जुना सहाणेचा दगड आहे. सहाण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चंदन येईल, ते मनातून काढून टाका. मी तांबड्या वालुकाश्माचा, चाकासारखा गोल आणि माणसाच्या छातीइतका उंच. वजनाचं म्हणाल तर मला हलवायला आलेल्या माणसांनी आजवर माझ्याविषयी एकही चांगला शब्द काढलेला नाही. माझ्यापुढे माणसं पालथी पडायची. भक्तीने नव्हे, अकीक घासायला.

अकीक बाहेरून बटाट्यासारखा दिसतो. कापला तर आत रंगीत वलयं निघतात, नाहीतर तो खरोखरच बटाट्याच्या लायकीचा निघतो. जर्मनीतल्या आमच्या नाहे नदीच्या खोऱ्यात या एका आशेवर पिढ्या जगल्या.

खाणीतून मी निघालो, तेव्हा त्याच शिळेतून माझा जुळा भाऊही निघाला. आम्हा दोघांना ओढ्याकाठच्या पाणचक्कीत एकाच आसावर बसवलं. ओढा चक्की फिरवी, चक्की आम्हाला फिरवी. प्रत्येक दगडापुढे एक लाकडी बाक असे. कारागीर त्यावर पालथा होई, मागच्या खुंटीला पाय रेटी आणि सगळ्या देहाचा भार हातातल्या अकिकावर टाकी. त्याचं नाक आणि आम्ही, यांत वीतभर अंतर. इतक्या जवळून माणूस एरवी फक्त बायकोकडे बघतो, तेही लग्न नवं असेतो.

आमच्या शेजारी तिसरा एक दगड होता. स्वभावाने चांगला. एका सकाळी तो फिरता फिरता फुटला. त्याच्या पोटात चीर होती आणि ती कोणाला दिसली नव्हती. एक तुकडा छप्पर फोडून गेला, तो ओढ्यापलीकडच्या कोबीच्या वाफ्यात सापडला. त्याच्यापुढे फिलिप नावाचा माणूस पालथा होता. त्याची टोपी खुंटीवर तशीच लटकत राहिली. ती काढायला पुढे बराच काळ कोणी धजलं नाही.

तेव्हापासून आमच्या खोऱ्यात रीत पडली. काम सुरू करण्याआधी दगडाला लाकडी हातोडीने ठोकायचं. दगड धडका असेल तर देवळातल्या घंटेसारखा ‘टण्ण’ वाजतो. आत चीर असेल तर ‘थप्प’. म्हणच होती: मुक्या दगडापुढे पोट टेकू नये.

माझ्यापुढे पालथा होणारा कारागीर होता कोनराड. चक्कीच्या घरघरीने त्याचे कान केव्हाच गेले होते. अशा बहिऱ्या म्हाताऱ्यांची निराळी रीत होती. बीच झाडाच्या लाकडाची काठी दातांत धरायची, दुसरं टोक दगडाला टेकवायचं आणि शेजाऱ्याने ठोकायचं. धडका दगड दाढेतून थेट कवटीत शिरतो. कोनराडला ऐकू काही येत नसे, पण फसवणं त्याला कोणाला जमलं नाही.

मग पाणचक्की बंद पडली. आम्ही भाऊ खाजकुयलीत पडून राहिलो. आमच्यावर गोगलगायी चढत आणि शाळेच्या सहली. शेवटी आमचा लिलाव झाला. भावाला डेट्लेफ नावाच्या एका हौशी माणसाने पलीकडच्या दरीत नेलं. मला घेतलं आर्नुल्फने. तो कोनराडचा नातू.

आर्नुल्फ टपाल खात्यातून निवृत्त झाला होता. अशा माणसाने बागेत फुलं लावावीत, हा आमच्याकडचा संकेत. त्याने घरामागच्या छपरीत मला विजेच्या मोटरवर बसवलं, खाली पाण्याचं डोण ठेवलं आणि आजोबांचा बाक माझ्यापुढे मांडला. शेजारच्या फळीवर एक रबरी पिंप आडवं फिरत असे. त्यात अकिकाचे नि जास्परचे लहान खडे, पाणी आणि कुरुंदाची भुकटी. पिंप आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस घरघरायचं आणि खडे एकमेकांशी भांडून गुळगुळीत व्हायचे. माणसांत हा प्रयोग सहसा यशस्वी होत नाही.

आर्नुल्फ सगळा वेळ त्या पिंपाशेजारी बसे. गावच्या गायकमंडळीत तो खर्ज लावायचा आणि आपल्या कानाचा त्याला भारी अभिमान. पुढे पुढे तो बाकीच्यांच्या थोडा मागून संपवू लागला. पण म्हाताऱ्यांच्या मंडळीत कोण कोणाच्या मागे आहे, हे ठरवणं अवघड असतं. त्याची बायको गेर्लिंडे मात्र जेवायला हाक मारणं सोडून छपरीतला दिवा चालू-बंद करू लागली होती.

"ओरडायचं नाही का सरळ?" तो विचारी.

"ओरडले ना. डेट्लेफच्या दरीतून कुत्री भुंकली."

तो हसे. ती हसत नसे.

तरी रोज सकाळी तो मला न चुकता ठोकायचा. ‘टण्ण’ झालं की गेर्लिंडे स्वयंपाकघरात कॉफीला पाणी ठेवी. डेट्लेफ एकदा प्लमचा केक खायला आला, तेव्हा हे बघून त्याला फार मौज वाटली.

"ठोकतोस काय रे? डॉक्टर आहेस का? जीभ काढायला सांग म्हणजे झालं!"

"तू नाही ठोकत?"

"मला डोळे आहेत. चीर असली तर दिसेल की!"

मित्रांनो, फिलिपलाही डोळे होते.

आता माझ्या दुर्दैवाकडे येतो. वालुकाश्म पाणी पितो. म्हणून काम संपलं की डोण रिकामं करायचं आणि थंडीत तर थेंबही ठेवायचा नाही, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक असतं. पिंपातला गाळ मोरीत ओतायचा नाही, हेही ठाऊक असतं, कारण तो आत जाऊन सिमेंटसारखा बसतो. तो लांब खड्ड्यात नेऊन टाकायचा. पण एका संध्याकाळी पाऊस होता, तालमीला उशीर झाला होता आणि आर्नुल्फने गाळाची बादली माझ्या डोणाच्या मोरीत रिती केली. मग डोणाचं बूच काढलं. एरवी पाणी ‘गुडगुड’ करत जायचं आणि तो आवाज ऐकून तो निघायचा. त्या दिवशी ‘गुडगुड’ झालंच नाही. पण त्याच्या कानांना ‘गुडगुड’ झालं काय नि न झालं काय, सारखंच. तो दिवा मालवून गायला गेला.

मी निम्मा पाण्यात उभा राहिलो. ढग पांगले आणि पहाटे दहिवर गोठलं. माझ्या आत काहीतरी अगदी बारीक वाजलं, सुताराचा बारीक खिळा वाजावा तसं. सकाळी आर्नुल्फने डोणातला बर्फ फोडला, तारेने मोरी साफ केली आणि इकडेतिकडे बघून घेतलं. घरात कोणाला काही सांगितलं नाही. झालं तर काहीच नव्हतं. बाहेरून मी होतो तसाच देखणा होतो.

थंडीत घासकाम बंद असे, म्हणून ठोकणंही नाही. तो सगळा हिवाळा मी ती चीर पोटात घेऊन उभा राहिलो. माणसांना वाटतं दगडाला वाट बघण्याचं काही नसतं. शेजारी पिंप घरघरत होतं आणि मी वसंताची भीती बाळगत होतो.

वसंत आला. आर्नुल्फने मला ठोकलं.

‘थप्प.’

"झकास," आर्नुल्फ म्हणाला आणि पालथा झाला.

त्या आठवड्यात त्याने लहानसहान खडे घासले. प्रत्येक फेरीबरोबर चीर केसभर पुढे सरकत होती, भोकाकडून कडेकडे. मी ओरडलो असतो, पण तेवढंच तर मला येईनासं झालं होतं. बाहेर गारठा होता, स्वयंपाकघराची खिडकी बंद होती आणि गेर्लिंडे आताशा घड्याळ बघून कॉफी ठेवत होती.

मग एका सकाळी आर्नुल्फ मोठा अकीक घेऊन आला. शरदात नांगरलेल्या शेतातून हिंडताना गेर्लिंडेच्या बुटाला तो ठेचकाळला होता. करवतीने दोन भाग केल्यावर आत निळी-करडी वलयं निघाली, तळ्यात खडा पडल्यासारखी. "याचा तुला आरसा करून देतो," तो तिला म्हणाला होता. एवढा मोठा दगड सपाट करायचा, म्हणजे अंगाचा पुरता भार टाकायला हवा. आज तो माझ्यावर सगळा रेलणार होता.

ऊन पडलं होतं. गेर्लिंडेने खिडकी उघडली होती.

‘थप्प.’

"झकास," आर्नुल्फ म्हणाला आणि त्याने मोटरच्या खटक्याकडे हात नेला. तेवढ्यात दिवा लागला, विझला, लागला, विझला. गेर्लिंडे दारात उभी होती, हाताला पीठ.

"परत ठोक," ती म्हणाली.

"काय?"

ती जवळ आली. "परत ठोक म्हणते!"

त्याने ठोकलं. तिचा चेहरा पांढरा झाला, आणि त्यात पिठाचा संबंध नव्हता.

"हा वाजत नाहीये, आर्नुल्फ."

"वाजतोय की! खणखणीत!"

"पाठ फिरव." तिने मला ठोकलं, मग दारातल्या दुधाच्या जुन्या पत्र्याच्या बरणीला. "आता सांग, बरणी कुठली?"

"दुसऱ्यांदा जरा हळू ठोकलंस तू," तो म्हणाला.

"मी बरणीला तीनदा ठोकलं."

तो वळला. त्याचे कान लाल झाले होते. कामाला येत नसले तरी लाल व्हायचं ते विसरले नव्हते. "तुला काय कळतं दगडातलं? जा, कॉफी ठेव. मी हा दगड घासणार."

"घास ना," गेर्लिंडे म्हणाली. तिने ॲप्रन सारखा केला आणि ती बाकावर जाऊन पालथी झाली. माझ्यापुढे. वीतभरावर. "लाव मोटर."

"ऊठ तिथून."

"का? धडका आहे ना? मी पडते इथे, तू खटका दाब."

पिंप घरघरत होतं. त्याचा हात खटक्यापाशीच होता. मी तिचा श्वास माझ्या अंगावर घेत होतो आणि मला फिलिपची टोपी दिसत होती.

आर्नुल्फने हात खाली घेतला.

"हे जर मंडळीत कळलं," तो अगदी हळू म्हणाला, "तर मला गायला घेणार नाहीत, लिंडे."

"ते काही का असेना. तुझे आजोबा काय करायचे?"

तो कोपऱ्यातून आजोबांची बीचची काठी घेऊन आला, एक टोक दातांत धरलं आणि दुसरं माझ्या अंगाला टेकवलं. कोनराडसारखाच दिसत होता, फक्त दात विकतचे. गेर्लिंडेने ठोकलं. त्याने डोळे मिटले. तिने पुन्हा ठोकलं. मग त्याने काठी दारापाशी नेली, तिथल्या घडीव दगडी चौकटीला टेकवली आणि तिथेही ठोकायला लावलं. चौकट त्याच्या दाढेत घुमली असावी, कारण तो दचकला. काठी तोंडातून काढून तो उलट्या बादलीवर मटकन बसला.

"चिखल आहे," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. "आत नुसता चिखल आहे. आणि पाणी मीच ठेवलं होतं."

दुपारी शेजारची दोन माणसं मला आसावरून उतरवायला आली. मी जमिनीला टेकलो आणि कोणी हात न लावता मधोमध उकललो, पावाची लादी उकलते तसा. आत चिरेच्या दोन्ही अंगांना गंजासारखा तपकिरी डाग होता. बऱ्याच पुढे आला होता तो. माणसं काही बोलली नाहीत. माझ्याविषयी वाईट न बोलणारी ती पहिलीच.

आता माझा एक अर्धा भाग छपरीची पायरी आहे आणि दुसऱ्यावर गेर्लिंडे कुंड्या ठेवते. आर्नुल्फने कानात यंत्र बसवलं. पहिल्याच दिवशी त्याने पिंप ऐकलं आणि ते उचलून बागेच्या टोकाला नेऊन ठेवलं. गायकमंडळीने त्याला काढलं नाही. उलट त्याच्या यंत्राचा पत्ता मागून घेतला. तो अकीक विकतच्या नव्या चाकावर सपाट झाला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत बसला. चेहरा त्यात धड दिसत नाही, पण गेर्लिंडे त्याला आरसाच म्हणते.

मित्रांनो, तुमच्या घरात जे जे फिरतं, जे जे उकळतं, ज्याच्यापुढे तुमची माणसं निर्धास्त बसतात, ते कधीमधी ठोकून बघा. त्याची निगा राखा. देखणेपणावर जाऊ नका, मीही शेवटपर्यंत देखणाच होतो. आणि तुम्हाला ऐकू येत नसेल तर लाजू नका. ज्याला येतं त्याला विचारा.

एवढं बोलून मी थांबलो असतो. पण माझा जुळा भाऊ अजून पलीकडच्या दरीत फिरतो आहे, त्याच शिळेतला, त्याच वयाचा. आर्नुल्फ डेट्लेफकडे दोनदा जाऊन आला, काठी घेऊन. दोन्ही वेळा हसण्याचा आवाज घेऊन परतला. पायरी झाल्यापासून मी सकाळी त्या दिशेने कान देऊन असतो. डेट्लेफला ऐकू उत्तम येतं. तो ठोकत नाही, एवढंच.