तांबूची कबुली

धाकटा म्हणजे काही लहान मूल नव्हे. वय एक्केचाळीस, कानाजवळचे केस पिकलेले, आणि काम लिफ्ट दुरुस्त करण्याचं. बाराव्या मजल्याच्या पोकळीत कमरेला पट्टा बांधून खुशाल लोंबकळतो आणि वर शीळ घालतो. पण घरात वडील नुसते खाकरले की याची शीळ बंद! लहानपणी धाकटा म्हणून हाक मारायचे, ती अजून तशीच मारतात.

वडिलांना सगळं जग सर म्हणायचं. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, दर परीक्षेला वर्गावर पहारा दिला. कॉपी करणारा पोरगा ते नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचे. निदान तसं ते सांगायचे. "मला झडती घ्यावी लागत नाही. तोंडच सगळं सांगतं." निवृत्तीनंतर परीक्षा गेल्या, पोरं गेली. मग आता पकडायचं कोणाला? तर कुत्र्याला.

कुत्र्याचं नाव तांबू. धाकट्याने दोन वर्षांपूर्वी एका बांधकामावरून उचलून आणलेला, तांबूस रंगाचा, आणि भित्रा इतका की फुगा फुटला तरी पलंगाखाली शिरायचा. घरात एक मांजरही होती, त्याच्याही आधीपासूनची. तिला सगळे मालकीणबाई म्हणत, कारण ती तशीच वागायची.

गेल्या तीन महिन्यांत घरात नासधूस सुरू झाली. आधी सोफ्याचा कोपरा उसवला, मग पडद्याच्या चिंध्या झाल्या. दोन्ही वेळा सरांनी कमरेवर हात ठेवून गरजून विचारलं, "कोणाचे हे उद्योग?" आणि दोन्ही वेळा तांबूने कान मागे पाडले, शेपूट पोटाखाली घेतली आणि मान वळवून जमिनीकडे बघत बसला. झालं! खटला तिथेच संपला.

"पण बाबा, त्याला करताना कोणी बघितलंय का?" धाकट्याच्या बायकोने विचारलं.

"सूनबाई, बत्तीस वर्षं मी..." सरांनी सुरुवात केली, तशी तिने कोपरापासून हात जोडले आणि आत निघून गेली.

शेवटी सरांनी निकाल दिला. आणखी एकदा असं झालं, तर तांबूची रवानगी थोरल्या मुलाच्या गोदामावर. थोरल्याला राखणीला कुत्रा हवाच होता. तिथे दिवसभर गळ्यात साखळी आणि समोरून ट्रकांची ये-जा. फुग्याला घाबरणारं जनावर तिथे आठवडा तरी काढेल का, तुम्हीच सांगा! पण धाकट्याच्या तोंडातून विरोधाचा एक शब्द फुटेल तर शपथ. "बरं," एवढंच म्हणाला. शुंभ!

शनिवारी बायको सकाळीच कामावर गेली आणि सुट्टी असलेला धाकटा साडेनऊला, सर आंघोळीला गेलेले असताना, तांबूला लस द्यायला घेऊन बाहेर पडला. दवाखान्यात ही गर्दी. नंबर लागला तेव्हा बारा वाजत आले होते. डॉक्टरबाई बोलक्या होत्या. त्यांनी विचारलं, बाकी सगळं ठीक ना? तर याने मन मोकळं केलं. घरातल्यांपुढे जे बोलता येत नाही, ते परक्यापुढे भडाभडा बाहेर पडतं.

बाई हसल्याच. "कबुली कसली डोंबलाची! पडदा फाडणं हा गुन्हा आहे हे त्याला कोणी शिकवलं? समोरचा माणूस भडकलाय, एवढंच त्याला कळतं. मग तो अंग चोरतो, नजर चुकवतो, ओठ चाटतो, कधी जांभयासुद्धा देतो. शांत व्हा म्हणून विनवतो हो तो. केलं असेल तरी तेच तोंड, नसेल केलं तरी तेच."

हे तोंड धाकट्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. दवाखान्यातून घरापर्यंत तो सारखा तांबूच्या तोंडाकडे बघत होता.

घरी कोणी नव्हतं. तांबू पाणी प्यायला. धाकट्याने चपला काढल्या, तेवढ्यात दारात किल्ली फिरली आणि सर वाचनालयातून परत आले. आपल्या आरामखुर्चीकडे गेले आणि थबकले. खुर्चीच्या हाताचं कापड वरपासून खालपर्यंत फाटून आतला स्पंज बाहेर आला होता.

"कोणाचे हे उद्योग?"

तांबू टेबलाखाली. कान मागे, शेपूट गायब, नजर फरशीवर.

"सकाळी दहाला मी इथे बसून पेपर वाचला. अकराला उठलो, तोवर खुर्ची धड होती. आणि आता याचं तोंड बघ!" सरांनी बोट रोखलं. "थोरल्याला फोन लाव. उद्याच घेऊन जा म्हणावं."

धाकट्याने खिशातून फोन काढला. खरंच काढला हो! हाताला सवयच तशी लागलेली. नंबरही काढला. मग टेबलाखाली बघितलं आणि त्याच्या छातीत असं काही धडधडायला लागलं, की बाराव्या मजल्यावर कधी धडधडलं नसेल.

"तो घरात नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"साडेनऊपासून तो माझ्याबरोबर होता. दवाखान्यात. आत्ता, तुमच्याआधी मिनिटभर आलोय आम्ही."

तेवढ्यात मालकीणबाई खिडकीतून उतरल्या, सरांच्या पायाशी आल्या, मागच्या पायांवर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांच्या देखत खुर्चीच्या उरलेल्या कापडावर खुशाल नखं ओढायला लागल्या. चेहऱ्यावर कसलाही पश्चात्ताप नाही!

"ही?" सरांचा आवाज चिरकला. "मग तो का असा तोंड पाडून बसलाय?"

"तुम्ही असे उभे आहात म्हणून." धाकट्याला आता थांबता येईना. "बाबा, मीपण असाच बसायचो. केलेलं नसलं तरी. सातवीत परीक्षेला तुमच्याच पहाऱ्यात माझ्या बाकाखाली कॉपीची चिठ्ठी सापडली. तुम्ही अख्ख्या वर्गासमोर मला उभं केलंत, वर्षभर घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही. ती चिठ्ठी माझी नव्हती."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही फक्त तोंड बघितलंत."

मांजरीच्या नखांचा तेवढा करकर आवाज. सरांचे कमरेवरचे हात आपोआप खाली आले. ते खुर्चीत बसायला गेले, पण खुर्ची मालकीणबाईंच्या ताब्यात. इकडेतिकडे बघून, गुडघे धरत, कुरकुरत ते सरळ फरशीवर बसले. धाकट्याने आयुष्यात वडिलांना जमिनीवर बसलेलं बघितलं नव्हतं.

"हिचं काय करायचं?" सरांनी हळूच विचारलं.

"मांजरांना नखं घासायला काहीतरी लागतंच. पूर्वीची जाड पायपुसणी आपण टाकून दिली, तेव्हापासून ही सोफ्यावर आली असणार. उद्या दोरी गुंडाळून खांब करून देतो."

"आणि याचं?"

"त्याच्याकडे बघू नका. तोंड भिंतीकडे करा. हात पुढे करायचा नाही, बोलवायचंही नाही. त्याचं मन होईल तेव्हा तो येईल."

"किती वेळ लागेल?"

"त्याला ठरवू दे."

सर मुकाट्याने भिंतीकडे वळले. बत्तीस वर्षं पोरांना भिंतीकडे तोंड करून बसवणारा माणूस तो! पाच मिनिटं गेली. दहा गेली. पाठ दुखत असणार, पण हलले नाहीत. टेबलाखालून आधी नाक आलं, मग दोन पाय. तांबू पोटावर सरपटत जवळ आला आणि मान लांबवून सरांचं कोपर हुंगून पुन्हा मागे सरकला.

"आला होता," धाकटा पुटपुटला. "परत येईल."

"बसतो की मी," सर भिंतीला म्हणाले. मग भिंतीवरची नजर न हलवता त्यांनीच पुन्हा सुरुवात केली. "त्या चिठ्ठीचं चुकलं माझं. फार चुकलं. वर्षभर तू एकटा जेवायचास ना रे?"

धाकट्याने फोन बाजूला ठेवला आणि तोही वडिलांच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून फरशीवर बसला.

"हो," तो म्हणाला. "सांगतो तुम्हाला. सगळं सांगतो."